जांभळ्या कणसाचा रंग कुठवर पोचतो

डिसेंबरातल्या थंडीत रब्बीचा मका अजून गुडघ्यालाही लागलेला नसतो आणि त्याच्या खालच्या पानांच्या कडा जांभळ्या पडू लागतात. नाशिक-जळगावकडचा शेतकरी ते पाहून लगेच ओळखतो की स्फुरद कमी पडतोय. जमिनीत स्फुरद असतोही, पण गारठ्याने मुळं आखडलेली असली की त्यांना तो उचलता येत नाही. मग पानात तयार झालेली साखर वाढीकडे वळत नाही, जागेवरच साठत जाते, आणि तिच्या जोडीने पानात एक जांभळं रंगद्रव्य तयार होऊ लागतं. ऊन तापलं, मुळं हलायला लागली, की नवी पानं हिरवी येतात आणि शेतकरी निश्चिंत होतो.

हे रंगद्रव्य म्हणजे अँथोसायनिन. आपल्या शेतात ते उपासमारीची खूण म्हणून ओळखलं जातं. पेरू देशात मात्र माणसं शतकानुशतकं नेमका याच रंगासाठी मका पेरत आली आहेत. तिथल्या कणसाचा दाणाच काय, दाणे काढल्यावर उरणारा दांडाही गर्द जांभळा, जवळजवळ काळा असतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्या रंगावर प्रयोगशाळांची नजर गेली. तिच्या मागोमाग पाकिटबंद पिठं, भुकट्या, कॅप्सूल आणि ‘सुपरफूड’ हा शब्द आला. रंग खरा आहे. त्याच्या नावावर केलेले दावे किती खरे, हे पाहायचं तर त्या रंगाच्या मागे दाण्यापासून आतड्यापर्यंत जावं लागतं.

सुरुवात दाण्यापासून करू. मक्याचा रंग ही एकच गोष्ट आहे असं आपण समजतो, पण दाण्याच्या वेगवेगळ्या थरांत वेगवेगळी रंगद्रव्यं असतात आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. आपल्या नेहमीच्या पिवळ्या मक्याचा पिवळेपणा आतल्या पिठूळ भागात असतो. तो ल्युटीन, झिॲझँथिन अशा कॅरोटिनॉइड वर्गातल्या द्रव्यांमुळे येतो, आणि ही द्रव्यं तेलात विरघळतात. विटकरी लाल दाण्यांचा रंग बहुतेक वेळा फ्लोबाफिन नावाच्या द्रव्यांचा असतो. ती अँथोसायनिनची चुलत भावंडं म्हणता येतील, पण अँथोसायनिन नव्हेत. म्हणजे ‘रंगीत मका आरोग्याला उत्तम’ असं सरसकट लिहिणाऱ्याने लाल कणसाचा फोटो छापला असेल, तर तिथेच त्याचं पितळ उघडं पडतं.

अँथोसायनिन असतं ते निळ्या आणि जांभळ्या मक्यात, आणि तिथेही जागा दोन. निळ्या मक्याचा दाणा मधोमध चिरून पाहिला तर आत पांढराशुभ्र गर दिसतो. रंगीत भाग म्हणजे वरच्या पारदर्शक सालीखालची एक रेघ. तिला अल्युरोन थर म्हणतात आणि मक्यात तो एका पेशीइतकाच जाड असतो. नखाने साल खरवडली तरी निळा रंग तिथेच राहतो, कारण तो सालीचा नसतोच. पेरूच्या जांभळ्या मक्यात उलट मुख्य रंग बाहेरच्या सालीत आणि दांड्यात असतो. रंग नुसता एका पेशीच्या थरात मावण्यापेक्षा सगळ्या सालीत आणि दांड्यात मुरलेला असला तर एकूण प्रमाण कितीतरी वाढणार, हे उघड आहे. 100 ग्रॅममागे किती मिलिग्रॅम अँथोसायनिन सापडतं हे पाहिलं, तर निळ्या मक्यात आकडा दहांच्या घरात राहतो आणि पेरूच्या गडद वाणांत तो शेकड्यांत जातो. दांड्यात तर दाण्यापेक्षाही जास्त भरतं.

जागेतल्या या फरकाने शेतात एक गंमत घडते. साल हा आईच्या झाडाचा भाग. परागकण कुठूनही आले तरी त्या कणसाच्या सगळ्या दाण्यांची साल एकाच रंगाची राहते. अल्युरोन मात्र परागकण आणि बीजांड यांच्या मीलनातून तयार होतो, म्हणून त्यात बापाचाही वाटा असतो. पांढऱ्या मक्याच्या शेजारच्या वाफ्यात निळा मका फुलला आणि वारा अनुकूल असला, तर त्याच हंगामात पांढऱ्या कणसात निळे दाणे दिसतात. पुढच्या पिढीची वाट पाहावी लागत नाही. एकाच कणसात निळे, पांढरे, जांभळट दाणे शेजारी शेजारी बसलेले असतात, कारण तिथला प्रत्येक दाणा हे स्वतंत्र लग्न आहे.

जनुकशास्त्रज्ञांना मका एवढा प्रिय का झाला याचं उत्तर यातच आहे. एका कणसावर शेकडो अपत्यं ओळीने मांडलेली आणि प्रत्येकाच्या अंगावर निकाल रंगात लिहिलेला! बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी 1940 च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर इथे अशी कणसं पिकवली आणि दाण्यांवरच्या ठिपक्यांकडे बारकाईने पाहिलं. काही दाणे फिके होते, पण त्यांच्यावर जांभळे शिंतोडे होते. कुठे मोठे डाग, कुठे टाचणीच्या टोकाएवढे. त्यांचा निष्कर्ष तेव्हा अनेकांना पचला नाही. जनुकीय द्रव्याचा एक तुकडा रंगाच्या जनुकात घुसून बसतो, तेव्हा रंग बंद पडतो. दाणा वाढत असताना एखाद्या पेशीतून तो तुकडा उडून गेला, की त्या पेशीत आणि तिच्या सगळ्या लेकरांत रंग परत येतो. उडी लवकर मारली तर लेकरं जास्त, म्हणून डाग मोठा. उशिरा मारली तर ठिपका बारीक. 1951 मध्ये त्यांनी हे मांडलं तेव्हा सभागृहात फारसा उत्साह नव्हता. 1983 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, तेही एकट्यांना, वयाच्या 81 व्या वर्षी. माझ्या मते अँथोसायनिनने माणसाचं आजवर केलेलं सर्वांत निर्विवाद भलं हेच आहे. उड्या मारणारी जनुकं त्याच्या रंगामुळे डोळ्यांना दिसली.

आता रेणूकडे. मक्यातलं प्रमुख अँथोसायनिन म्हणजे सायनिडिन-3-ग्लुकोसाइड. नावातच सांगितल्याप्रमाणे त्याला ग्लुकोजचा एक रेणू जोडलेला असतो आणि त्यामुळे ते पाण्यात सहज विरघळतं. पेशीच्या आतल्या पाणीदार पोकळीत ते साठतं. मक्यात त्याच्या जोडीला पेलार्गोनिडिन आणि पिओनिडिन यांचीही संयुगं असतात. या सगळ्यांचा स्वभाव एकच, की आसपासचं पाणी आंबट असेल तर लाल, आंबटपणा कमी झाला की जांभळं, क्षार वाढला की निळसर-हिरवट. फारच क्षार झाला तर रेणू मोडतो आणि रंग पिवळट पडून संपतो. कोकमाच्या लाल रंगातही हेच सायनिडिन-3-ग्लुकोसाइड असतं. पातळ केलेल्या आगळात खायचा सोडा घालत गेलं तर आधी फसफसून फेस येतो आणि मग तो झळझळीत लाल रंग मालवून काळपट होत जातो. त्या पेल्यात काय चाललंय ते कळलं, की मक्याच्या जुन्या स्वयंपाकघरांतली कामंही कळतात.

पेरूच्या राजधानीत, लिमामध्ये, जांभळ्या मक्याचं पेय करतात, चिचा मोराडा. वाळलेली कणसं दाणे न काढता, दांड्यासकट मोठ्या पातेल्यात पाण्यात घालतात. सोबत अननसाची सालं, दालचिनी, लवंग, कधी सफरचंद. पाऊणएक तास उकळल्यावर पाणी शाईसारखं गडद होतं. गाळून, गार करून साखर घालतात आणि अगदी शेवटी लिंबू पिळतात. लिंबाचा रस पडतो तिथून रंग उजळत जातो. काळपट जांभळ्याचा किरमिजी होतो. ऑक्टोबरात, सेन्योर दे लोस मिलाग्रोस म्हणजे ‘चमत्कारांचा प्रभू’ याच्या मिरवणुकांच्या दिवसांत, जांभळे झगे घातलेल्या भाविकांनी शहर भरतं आणि घरोघरी त्याच पाण्यात रताळ्याचं पीठ कालवून सुका मेवा घातलेली दाट खीर शिजते. तिचं नाव मासामोरा मोराडा. लिमाच्या माणसाला गमतीने ‘मासामोरेरो’ म्हणतात ते या खिरीवरून. या पद्धतीत दाणा जवळजवळ खाल्लाच जात नाही. रंग सर्वांत जास्त ज्यात, तो दांडा उकळायचा, रंग पाण्यात उतरवायचा आणि वर आंबट घालून तो स्थिर करायचा. पाण्यात विरघळणाऱ्या रंगद्रव्याचा याहून नेमका वापर एखाद्या रसायनतज्ज्ञालाही सुचवता आला नसता.

ॲरिझोनातल्या होपी लोकांनी दुसरी वाट धरली. कोरडवाहू वाळवंटात ते निळा मका खोल पेरतात, ओल लागेल तिथपर्यंत. त्याच्या पिठाची पिकी नावाची रोटी करतात, कागदाहून पातळ. तापलेल्या गुळगुळीत दगडावर बाई हाताने पिठाचं पातळसर कालवण फिरवते आणि क्षणात रोटी सुटून येते. त्या कालवणात एका खारट झुडपाची राख मिसळलेली असते. राखेशिवाय पीठ भिजवलं तर ते मळकट राखी दिसतं. राख पडली की निळं होतं. म्हणजे लिमाच्या लिंबाचं काम इथे उलट्या दिशेने राख करते. राखेतून कॅल्शियमसारखे क्षारही पोटात जातात.

मेक्सिकोत निळा मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, मग धुऊन वाटतात आणि त्याच्या तोर्तिया करतात. चुन्याचा मोठा उपकार असा, की मक्यात अडकून बसलेलं नायसिन त्याने मोकळं होतं. नायसिन मिळालं नाही तर पेलाग्रा होतो, आणि युरोपने मका उचलला पण चुना उचलला नाही, म्हणून उत्तर इटलीतल्या गरिबांना त्या रोगाने छळलं. पण याच चुन्यात निळ्या मक्यातल्या अँथोसायनिनचा बराच भाग नष्ट होतो. जीवनसत्त्व हवं की रंगद्रव्य, असा प्रश्न आला तर मेक्सिकोच्या आजीबाईने हजारो वर्षांपूर्वी योग्य निवड केली होती असं मला वाटतं. आज निळ्या तोर्तियाच्या पाकिटावर अँथोसायनिनचा गजर करणाऱ्याने चुन्याचा हा हिशेबही छापायला हवा.

आता आरोग्याकडे येऊ.

2003 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी उंदरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. जांभळ्या मक्यातून काढलेला खाद्यरंग जपानमध्ये आधीपासून वापरात होता, तोच त्यांनी घेतला. भरपूर चरबीचं खाणं 12 आठवडे दिलेले उंदीर अपेक्षेप्रमाणे लठ्ठ झाले आणि त्यांच्या रक्तातली साखर वाढली. त्याच खाण्यात हा रंग मिसळून दिलेल्या उंदरांचं वजन आवाक्यात राहिलं आणि साखरही. निकाल ठळक होता आणि तो अजूनही उद्धृत होतो. फक्त मात्रा पाहावी. एक किलो खाण्यात 2 ग्रॅम सायनिडिन-3-ग्लुकोसाइड. दिवसाला अर्धा किलो कोरडं अन्न खाणाऱ्या माणसाला त्याच प्रमाणात रोज 1 ग्रॅम लागेल. निळ्या मक्याच्या पिठात 100 ग्रॅमला 50 मिलिग्रॅम धरले, तर ते दोन किलो पीठ झालं. एवढ्या भाकऱ्या खाऊन वजन कमी व्हायचं असेल तर तो चमत्कारच.

मला अधिक आवडतो तो 2008 चा, फ्रान्स आणि इटलीतल्या संशोधकांनी मिळून केलेला प्रयोग. अन्नाच्या अभ्यासात नेहमीची अडचण असते. जांभळ्या मक्याची पिवळ्याशी तुलना केली तर दोहोंत रंगाखेरीज शंभर गोष्टी वेगळ्या असतात, मग गुण कोणाचा म्हणायचा? त्यांनी मक्याचे दोन वाण असे घेतले की ज्यांची जनुकं जवळजवळ सारखी होती, फरक फक्त अँथोसायनिन बनवायचा आदेश देणाऱ्या जनुकांत. एकात रंग होता, दुसऱ्यात नव्हता. दोन गटांतल्या उंदरांना आठ आठवडे हा मका खायला घातला आणि मग त्यांच्या हृदयाचा रक्तपुरवठा थोडा वेळ तोडून परत सुरू केला. रंगीत मका खाल्लेल्यांच्या हृदयाचा कमी भाग मेला. इथे गुण रंगालाच द्यावा लागतो, कारण दुसरं काही वेगळं नव्हतंच. वेगळं काढलेलं द्रव्य कॅप्सूलमधून न देता रोजच्या खाण्यातलं धान्य दिलं, ही त्यातली आणखी एक जमेची बाजू. पण उंदीर तो उंदीर.

माणसांबाबत जे मोठं काम झालंय, ते मक्याविषयी नाही. अमेरिकेतल्या 25 ते 42 वयाच्या 93,600 परिचारिकांचा 18 वर्षं माग काढून 2013 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आहारात अँथोसायनिन सर्वाधिक होतं त्यांच्यात हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण सर्वांत कमी घेणाऱ्यांपेक्षा 32 टक्क्यांनी कमी भरलं. पण त्यांचं अँथोसायनिन मुख्यतः स्ट्रॉबेरी आणि ब्लूबेरीतून आलं होतं. रोज ब्लूबेरी खाणारी बाई आणखीही बरंच काही नीट करत असते. संशोधकांनी सिगारेट, व्यायाम, वजन वगैरेंचा हिशेब वजा केला, तरी अशा अभ्यासात कारण आणि योगायोग पुरते सुटे होत नाहीत.

खरी गुंतागुंत आतड्यात आहे. बरीच वर्षं मोजमापं सांगत होती की गिळलेल्या अँथोसायनिनचा एक टक्काही रक्तात दिसत नाही. मग 2013 मध्येच इंग्लंडमध्ये आठ पुरुषांना 500 मिलिग्रॅम सायनिडिन-3-ग्लुकोसाइड दिलं गेलं. त्यातल्या काही कार्बन अणूंच्या जागी त्यांचा जड, पण किरणोत्सारी नसलेला भाऊ बसवला होता. मग रक्त, लघवी, विष्ठा आणि चक्क उच्छ्वास तपासून तो खुणेचा कार्बन शोधला. सुमारे 12 टक्के कार्बन शरीरात शोषला गेल्याचं दिसलं, पण बहुतांश मोडतोड झालेल्या रूपात. जांभळा रेणू आतड्यात आणि यकृतात तुटतो आणि त्याची प्रोटोकॅटेच्युइक आम्लासारखी रंगहीन लेकरं रक्तात दोन दिवस फिरत राहतात. याचा अर्थ असा, की फायदा होत असेलच तर तो बहुधा त्या जांभळ्या रेणूचा नसून त्याच्या अवशेषांचा आहे, आणि त्यात आतड्यातल्या जिवाणूंचाही हात आहे. तुमच्या आणि माझ्या आतड्यातले जिवाणू सारखे नसतात. त्यामुळे एकच पेला दोघांना सारखा लागू पडेल याची खात्री देता येत नाही.

जाहिरातींचा आवडता शब्द ‘अँटिऑक्सिडंट’ इथे लटपटतो. परीक्षानळीत अँथोसायनिन उत्तम अँटिऑक्सिडंट आहे, यात वाद नाही. पण रक्तात त्याची मात्रा इतकी थोडी असते की तिथे आधीच असलेल्या युरिक आम्लापुढे आणि क जीवनसत्त्वापुढे ती नगण्य ठरते. एके काळी अमेरिकेच्या कृषी विभागाने अन्नपदार्थांची अँटिऑक्सिडंट क्षमता दाखवणारा तक्ता आपल्या संकेतस्थळावर ठेवला होता. कंपन्या तो आकडा पाकिटांवर छापू लागल्या. शेवटी 2012 मध्ये विभागाने तो तक्ता काढूनच टाकला, कारण त्या आकड्यांवरून शरीरात काय होईल हे सांगता येत नव्हतं. तरी आपल्याकडची पाकिटं अजून तीच भाषा बोलतात. आज अभ्यासक पाहतात ते वेगळं. हे अवशेष पेशींना कोणते इशारे देतात, दाह कमी करतात का, रक्तवाहिन्या सैल पडतात का. संकेत आशादायक आहेत. पण जांभळा मका खाऊन मधुमेह बरा झाला असं म्हणण्याजोगा पुरावा नाही.

आणि मधुमेहाचा विषय निघालाच आहे तर हेही बोललं पाहिजे की निळं पीठ हे शेवटी मक्याचंच पीठ आहे. त्यात स्टार्च असतोच. चिचा मोराडात तर वरून साखर पडते. नेहमीचं धान्य खाणाऱ्याने कधी बदल म्हणून निळ्या मक्याची भाकरी थापली तर चांगलंच, पण चौपट दराने आयात भुकटी घेण्याआधी घरात पाहावं. नाशिकच्या लाल कांद्याच्या पापुद्र्यात सायनिडिन आहे, भरल्या वांग्याच्या सालीत आणि जांभळात डेल्फिनिडिन या त्याच कुळातल्या रंगद्रव्याची संयुगं आहेत, सोलकढीत कोकम आहेच. बीट आणि लाल माठ मात्र या यादीत नाहीत. त्यांचा लाल रंग बीटालेन नावाच्या अगदी वेगळ्या कुळातला.

जांभळ्या मक्याचा जम औषधाच्या आधी बहुधा रंगाच्या बाजारात बसेल. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रेड थ्री या कृत्रिम लाल रंगाची खाद्यपदार्थांतली परवानगी काढून घेतली आणि कंपन्या नैसर्गिक रंग शोधू लागल्या. युरोपात अँथोसायनिनला खाद्यरंग म्हणून ई163 हा क्रमांक कधीचाच मिळालेला आहे. अडचण तीच जुनी. सरबतात, जॅममध्ये, आंबट गोळ्यांत रंग लाल राहतो. दुधाच्या पेयात तो मळकट जांभळा होतो आणि सोडा घातलेल्या केकमध्ये निळसर राखी. उष्णता आणि उजेडाने फिका पडतो तो वेगळाच. तरी इलिनॉय विद्यापीठातल्या पैदासकारांनी अशा मक्यावर काम केलंय ज्याचा रंग सालीत आहे आणि बाकीचा दाणा नेहमीच्या मक्यासारखा भरघोस उत्पन्न देणारा आहे. कारखान्यात मका दळताना साल तशीही वेगळी काढली जाते. तिच्यातून रंग काढून घ्यायचा आणि उरलेला दाणा स्टार्चला, इथेनॉलला किंवा कोंबडीखाद्याला जायचा तो जाईल. शेतकऱ्याला पीक बदलावं लागत नाही आणि गिरणीवाल्याला कोंड्याचे चार पैसे जास्त मिळतात.